वादळ एका रात्रीचं, तयारी पंधरा दिवसांची

आज मी स्वामीमलैहून बोलतोय. कुंभकोणमशेजारचं, कावेरीकाठचं हे गाव मुरुगनच्या साठ पायऱ्यांच्या देवळासाठी आणि ओतीव मूर्तींसाठी ओळखलं जातं. आमचं तंजावरी मराठी घर इथलंच.

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना एका गोष्टीचं नवल वाटतं. तुमच्याकडे दिवाळीला पाऊस संपत आलेला असतो, तेव्हा आमच्याकडे तो भरात येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प आणतात. समुद्र तेव्हाही उबदार असतो, त्यामुळे त्यावर चक्रीवादळंही तयार होतात. म्हणजे आमचा हिवाळा हाच वादळांचा हंगाम.

१६ नोव्हेंबर २०१८. मध्यरात्र उलटल्यावर 'गजा' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. स्वामीमलै त्या वाटेच्या उत्तरेला, त्यामुळे आमचं थोडक्यात निभावलं. पण माझी आत्या पट्टुकोट्टैजवळ राहते, तिथे सगळीकडे नारळाच्या बागा. तीन दिवस तिचा फोन लागेना. घरात कोणाला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी आम्ही आडव्या पडलेल्या झाडांमधून वाट काढत पोहोचलो. आत्या सुखरूप होती, पण बाग झोपली होती. विजेचे खांब रांगेनं मोडले होते. तिच्या घरी वीज परतायला दोन आठवडे लागले.

मी विचारलं, "आत्या, पाण्याचं काय केलंत?" तिनं कोपऱ्यातली दोन मोठी पितळी भांडी दाखवली. आमच्याकडे त्यांना 'अंडा' म्हणतात! इशारा ऐकताच तिनं ती भरून ठेवली होती. मी मात्र घरी फक्त मेणबत्त्या आणल्या होत्या. अंधार दिसतो, म्हणून आपण अंधाराचीच तयारी करतो. पण वीज गेली की मोटर बंद, म्हणजे पाणी बंद. मोबाइल बंद, एटीएम बंद.

म्हणून इशारा मिळाला की इतकं करा. टाकीच नव्हे, घरातली सगळी भांडी भरा. रोजची औषधं पंधरा दिवसांची आणा. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. घर कच्चं असेल तर वेळेत निवारा केंद्रात जा.

आणखी एक. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा अचानक थांबतो. लोकांना वाटतं, संपलं. ते बाहेर पडतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेनं येतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत दार उघडू नका. नंतरही पडलेल्या तारेला हात लावू नका.

कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. जून २०२० मधल्या 'निसर्ग' वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी असेच अंधारातले दिवस काढले.

एका रविवारी घरचा मेन स्विच तासभर बंद करा आणि काय काय अडतं ते लिहून काढा. तीच तुमची तयारीची यादी. भेटू पुढच्या भागात.