नाकाबंदीवरचा हुतात्मा

दोडामार्ग - गोव्याच्या वेशीवर वसलेल्या दोडामार्गात नाकाबंदीचे कोणाला अप्रूप नाही. डिचोली-म्हापशाकडून येणारी आणि तिलारी घाटातून चंदगड-बेळगावकडे जाणारी वाहने येथे थांबवून तपासली जातात. दारूच्या चोरट्या वाहतुकीची खबर असली किंवा निवडणूक आली, की तपासणी अधिक कडक होते. प्रवाशाच्या लेखी हा पाच मिनिटांचा खोळंबा. थांबविलेल्या मोटारीत कोण बसले आहे, हे मात्र रस्त्यावर उभ्या पोलिसाला ठाऊक नसते. सहायक पोलिस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना वीरमरण आले, ते अशाच एका नाकाबंदीवर.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलिस स्मृतिदिन पाळला जातो. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलिस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले. त्या स्मरणार्थ जिल्हा पोलिस मुख्यालयांत, आपल्याकडे सिंधुदुर्गनगरीत, मानवंदना दिली जाते आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांची नावे वाचली जातात. यादी मोठी असते. एकेका नावामागे काय घडले, हे सांगायला तेथे वेळ नसतो.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. लष्करातील सेवेनंतर ते मुंबई पोलिसांत दाखल झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याच्या पथकासह गिरगाव चौपाटीवर होते. छत्रपती शिवाजी टर्मिनस व कामा रुग्णालय परिसरात रक्तपात करून, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांचा बळी घेऊन अजमल कसाब व अबू इस्माईल हे दहशतवादी पळविलेल्या स्कोडा मोटारीतून तिकडे येत होते. बिनतारी संदेशामुळे पथक सावध झाले होते. अडथळे दिसताच मोटार अलीकडेच थांबली, वळण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर आदळली. चकमकीत इस्माईल ठार झाला. कसाबने बंदूक उचलताच ओंबळे पुढे झेपावले आणि त्यांनी तिची नळी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या. त्यांचे सहकारी संजय गोविलकर जखमी झाले. बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडले.

या एका झटापटीचे मोल पुढे कळले. हल्लेखोरांकडे भारतीय नावांची बनावट ओळखपत्रे होती. सगळेच मारले गेले असते, तर ते कोण, कोठून आले, याविषयी संशयाला जागा उरली असती. कसाब हाती लागल्याने कटाचा माग निघाला आणि जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला मान्य करावे लागले. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्या ओलांडून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली. ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. २०२१ मध्ये तर संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला त्यांचे नाव दिले.

त्यांच्या निःशस्त्र धाडसाचे गोडवे गाताना एक प्रश्न मागे पडतो. एके-४७ समोर असताना ते निःशस्त्र का होते? पथकात मोजकीच शस्त्रे होती, बहुतेकांच्या हाती लाठ्या. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव नीट होत नसल्याकडे लक्ष वेधले होते. पुढे राज्याने 'फोर्स वन' हे विशेष पथक उभारले, ते योग्यच झाले. परंतु असे पथक घटनास्थळी पोचते ते नंतर. दोडामार्गसारख्या नाक्यावर पहिली मोटार थांबवितो तो तेथे रात्रपाळीला असलेला शिपाई.