अनामिक जहाजे आणि त्यांवरील भाषाव्यवहार

दुसऱ्या महायुद्धातील नाविक जीवनाचा विचार करताना विमानवाहू जहाजे आणि युद्धनौका यांकडेच लक्ष वेधले जाते. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणारी ‘एल. एस. टी.’ वर्गाची जहाजे त्या मानाने उपेक्षित राहिली. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ती उद्बोधक वाटावीत. अमेरिकेत अशी १,०५१ जहाजे बांधली गेली. परंतु युद्धकाळात त्यांची ओळख नावाने नव्हे, तर केवळ क्रमांकाने होत असे.

या जहाजाचा आराखडा जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये आखला. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट. खोल समुद्रात टाक्यांत पाणी भरून ते स्थिर ठेवावयाचे आणि किनारा जवळ येताच टाक्या रिकाम्या करून वर उचलावयाचे, ही त्यामागील मुख्य कल्पना होय. किनाऱ्यावर चढण्यापूर्वी मागील नांगर पाण्यात सोडीत. रणगाडे उतरल्यावर त्याच नांगराचा दोर गुंडाळून जहाज मागे ओढून घेत.

सपाट तळामुळे हे जहाज लाटांवर अतिशय डोले. शंभरावर खलाशी आणि त्यांच्याहून अधिक सैनिक त्यात दाटीने राहत. रणगाड्यांच्या कोठाराच्या दोन्ही बाजूंस एकावर एक रचलेल्या अरुंद खाटांवर सैनिकांची झोप होई. इंजिने सुरू होताच कोठारात धूर कोंडे. तो बाहेर काढण्यासाठी मोठे पंखे लावावे लागत. चार-चार तासांचे पहारे चालत. नॉर्मंडीहून परतताना हीच जहाजे जखमींना घेऊन येत. ताशी जेमतेम बारा सागरी मैलांचा वेग पाहून खलाशांनी एल. एस. टी. या अक्षरांचा ‘लार्ज स्लो टार्गेट’, म्हणजे ‘मोठे, मंद लक्ष्य’, असा विनोदी विग्रह केला होता.

यांपैकी अनेक खलाशांनी पूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांना प्रथम जहाजाची भाषा शिकावी लागे. भिंतीला ‘बल्कहेड’, जमिनीला ‘डेक’, जिन्याला ‘लॅडर’ म्हणावयाचे. हा केवळ रूढीचा हट्ट नव्हे. अंधारात, वाऱ्यात आणि गोंगाटात आज्ञा एकदाच ऐकून पाळावयाची असते. उजव्या बाजूच्या ‘स्टारबोर्ड’शी ध्वनिसाम्य असल्यामुळे डाव्या बाजूचा ‘लारबोर्ड’ हा शब्द अमेरिकन आरमाराने १८४६ मध्येच टाकून ‘पोर्ट’ हा शब्द स्वीकारला, त्याचे कारण हेच होय.

सामान्य भाषेत चूक सावरून घेण्याची सोय अंगभूत असते. ‘मोठी जहाजे आली’ या वाक्यात अनेकवचन विशेषण, नाम आणि क्रियापद अशा तिन्ही ठिकाणी व्यक्त झाले आहे; एक शब्द नीट ऐकू आला नाही, तरी उरलेल्या दोहोंवरून अर्थ लागतो. अंकाला असा आधार नाही. एक अंक बदलला, तरी उरते ती दुसरी, तितकीच निर्दोष दिसणारी संख्या.

याचे दारुण उदाहरण म्हणजे २८ एप्रिल १९४४ ची घटना. इंग्लंडच्या दक्षिणेस लाइम उपसागरात आठ एल. एस. टी. जहाजे नॉर्मंडीच्या स्वारीचा सराव करीत होती. आज्ञापत्रातील मुद्रणदोषामुळे त्यांचे बिनतारी यंत्र ब्रिटिश तळाच्या कंपनसंख्येशी जुळत नव्हते. जर्मन वेगनौकांची सूचना त्यांना वेळेवर मिळाली नाही. ५०७ आणि ५३१ क्रमांकांची जहाजे बुडाली, २८९ क्रमांकाच्या जहाजाची मोठी हानी झाली. एकूण ७४९ माणसे मृत्युमुखी पडली, असा आकडा सामान्यतः दिला जातो. संरक्षक नौकांची कमतरता होती, जीवरक्षक पट्टे कसे बांधावेत याचे शिक्षणही अपुरे होते. परंतु या कारणांच्या मालिकेत कागदावरील एक चुकीची संख्याही होती, हे विसरता येत नाही.

युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या अनेक जहाजांना १ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील परगण्यांची नावे देण्यात आली. याच जातीचे एक ब्रिटिश जहाज १९४९ मध्ये भारतीय नौदलात आले व ‘मगर’ झाले. जळी वावरणारा आणि भूमीवर चढणारा प्राणी! क्रमांकाने जहाज मोजता येते. ते काय करते, हे मात्र नावच सांगू शकते. मोजणे आणि सांगणे या दोन व्यापारांतील हा भेद भाषाविचारात सदैव ध्यानी ठेवावयास हवा.