डब्लिन अश्वप्रदर्शन

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील बॉल्सब्रिज भागात दरवर्षी उन्हाळ्यात, बहुधा ऑगस्टमध्ये, भरणारे घोड्यांचे सुप्रसिद्ध प्रदर्शन. १७३१ मध्ये स्थापन झालेली ‘रॉयल डब्लिन सोसायटी’ ही संस्था ते भरविते. ‘प्रदर्शन’ या शब्दावरून ओळीने बांधून ठेवलेले जातिवंत घोडे डोळ्यांपुढे येतात. पण येथे पाच दिवस निरनिराळ्या रिंगणांत एकाच वेळी परीक्षा चालू असतात आणि कोणत्या कठड्याशी उभे राहावे, हे प्रेक्षकालाच ठरवावे लागते. घोडेबाजाराहून हा प्रकार वेगळा आहे. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) यात्रेत गिऱ्हाईक स्वतः दात पाहून व पाय चाचपून घोड्याची पारख करतो, येथे ते काम परीक्षक करतो आणि सर्वांदेखत करतो.

पहिले प्रदर्शन १८६४ मध्ये झाले. १८६८ मध्ये सोसायटीने ते आपल्या लीन्स्टर हाउस या वास्तूच्या आवारात स्वतः भरविले आणि त्यात उडीच्या स्पर्धा ठेवल्या. त्यांमागे करमणुकीपेक्षा व्यवहार अधिक होता. शिकारीच्या स्वारीसाठी व लष्करासाठी आयरिश घोड्यांना मोठी मागणी असे; कुंपणे, बांध व चर ओलांडू न शकणारा घोडा त्या कामी निरुपयोगी. उडी हा विक्रीच्या घोड्याच्या गुणाचा पुरावा होता. १८८१ मध्ये प्रदर्शन बॉल्सब्रिज येथे आले आणि एकामागून एक अडथळे असलेला सलग मार्ग तेथे प्रथमच आखण्यात आला. पुढे या पुराव्याचाच खेळ झाला व त्याने मूळ प्रदर्शनाला बरेचसे झाकून टाकले. सामान्य प्रेक्षक आज मुख्य रिंगणाभोवती गर्दी करतो, जाणकार मात्र सकाळी लवकर येऊन बाजूच्या रिंगणांकडे वळतो.

या बाजूच्या रिंगणांत ‘हंटर’ घोड्यांची परीक्षा पाहण्याजोगी असते. (मराठीत हंटर म्हणजे चाबूक, येथे तो शिकारीच्या स्वारीचा घोडा होय.) आयरिश ड्राफ्ट या नांगर व गाडी ओढणाऱ्या जातीच्या घोडीला थरोब्रेड वळू दाखवून असे घोडे पैदा करण्याची परंपरा आहे. घोडे प्रथम एकत्र चालतात, दुडकीने जातात, दौडतात. परीक्षक त्यांना खुणेने बोलावून तात्पुरत्या क्रमाने उभे करतो. नंतर तो स्वतः एकेका घोड्यावर बसून फेरी मारतो. पुढे खोगीर उतरवून घोड्याची ठेवण पाहिली जाते : खांद्याचा उतार, पाठीची लांबी, पायांची सरळता, खुरांचा आकार. शेवटी क्रम बदलला, तर तो का बदलला असावा याचा तर्क करणे हाच प्रेक्षकाचा खरा आनंद. बक्षिसाच्या फितीत लाल रंग पहिल्या क्रमांकाचा असतो, निळा दुसऱ्याचा. अमेरिकेत निळा पहिला असल्याने तिकडील पाहुण्यांचा हमखास गोंधळ होतो.

उडीच्या स्पर्धेत मत नाही, मोजमाप आहे. प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल व डावीकडे पांढरे निशाण असते. दांडी पडली की चार दोष. घोडा पहिल्यांदा अडला तरी चार, दुसऱ्यांदा अडल्यास अगर घोडा वा स्वार पडल्यास स्पर्धेतून बाद. ठरावीक वेळ ओलांडल्यास आणखी दोष. दांड्या उथळ आधारांवर ठेवलेल्या असल्याने खुराचा हलका धक्काही त्यांस पुरतो. स्पर्धेपूर्वी स्वार पायी मार्ग चालून दोन अडथळ्यांमधील अंतर पावलांनी मोजतात. दौडीतील घोड्याची एक झेप सुमारे ३.६ मी. म्हणजे माणसाची चार लांब पावले. मधले अंतर या हिशोबात बसत नसेल, तर झेप आखडावी की वाढवावी हे स्वाराला आधीच योजावे लागते. हे मोजमाप पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढील दांडी का पडली, हे बहुधा आधीच्या वळणावरच कळते.

शुक्रवारची राष्ट्रीय संघांची स्पर्धा हे प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण. ती १९२६ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी तिसरे आगाखान (१८७७–१९५७) यांनी करंडक दिला. कराचीत जन्मलेले हे इस्माइली धर्मप्रमुख शर्यतीच्या घोड्यांचे नामांकित मालक होते. पुण्यातील आगाखान राजवाडा याच घराण्याचा. पहिल्या वर्षी सहा संघांत स्वित्झर्लंड विजयी झाले. त्याच वर्षी आयरिश लष्कराची अश्वारोहण शाळा स्थापन झाली. नव्या राष्ट्राने परदेशी जिंकून देशातील घोड्यांची कीर्ती पसरवावी, हा तिचा हेतू होता. १९२८ मध्ये आयर्लंडने हा करंडक प्रथम मिळविला. १९४९ पर्यंत या संघांत केवळ लष्करी अधिकारी असत. संघात चार स्वार, फेऱ्या दोन आणि प्रत्येक फेरीतील उत्तम तिघांचेच दोष धरावयाचे, ही या स्पर्धेची परिचित रीत. चौघांचे दोष ०, ४, ८ व १२ असतील, तर १२ वगळून बेरीज १२ होते. त्यामुळे पहिले तिघे निर्दोष आले, तर चौथ्याने उतरण्याची गरज उरत नाही. उलट एखादा आधीच बाद झाला असेल, तर शेवटच्या स्वाराच्या वेळी स्टँडमध्ये सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. फेरी चालू असता टाळ्या न वाजविणे हा तेथील शिष्टाचार आहेच. घोड्याचे चित्त विचलित होऊ नये, हे त्याचे कारण.

‘प्वीसान्स’ या प्रकारात अडथळे थोडे, पण भिंत दर फेरीला उंच होत जाते व दोन मीटरपलीकडे पोहोचते. भिंत पोकळ ठोकळ्यांची असते. घोड्याला नाकाच्या अगदी पुढ्यातील भाग नीट दिसत नाही. म्हणून ही उडी बरीचशी स्वारावरील विश्वासाने घेतली जाते. हा विश्वास कसा कमावला गेला, हे मुख्य रिंगणात दिसत नाही. त्यासाठी सराव-रिंगणाशी थोडा वेळ उभे राहावे. मागे वळलेले कान, सतत झटकणारे शेपूट, लगामाशी झगडणारे तोंड ही त्रासाची चिन्हे होत. पाय उंच उचलावेत म्हणून घोड्याच्या पायांवर दांडीचा मुद्दाम आघात करण्यास आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची मनाई आहे. सरावावर देखरेख करण्यासाठी अधिकारी नेमलेले असतात व पशुवैद्यही घोडे तपासतात.

महायुद्धांच्या काळात प्रदर्शन बंद होते. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्येही ते भरले नाही. २०२२ मध्ये ते पुन्हा भरले.