सहलीच्या वाटेवरचे पाणी

निवासी शाळेत राहिलेल्या मुलामुलींच्या आठवणींत सहलीचा दिवस ठळक असतो. मात्र सहलीचे पत्रक घरी पोहोचले, की काही पालक संकोचाने विचारतात, ‘गुरुजी, अभ्यास बुडवून हा खर्च कशासाठी?’ मोलमजुरीच्या पैशातून लेकरांना शिकवणाऱ्या आईवडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने द्यावे, असे आम्हांस वाटते.

प्रवास करायचा म्हणजे वाहन, निवारा आणि पाणी हवे. आपल्या वाडवडिलांसाठी या तिन्हींवर जातीचा पहारा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत अशा दोन प्रवासांची हकीकत लिहून ठेवली आहे. पहिला प्रवास 1901 सालचा. दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. मुलांना तेथे जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशी तडजोड झाली. सोबत शिदोरी भरपूर होती, परंतु वाटेत कोणी पाणी दिले नाही. त्यामुळे अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली.

दुसरा प्रवास 1934 सालचा, आणि तो खरोखरीच सहलीचा होता. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबून प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून तेथे गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, तो आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. बाबासाहेब तोवर परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. पण हौदापाशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

या दोन हकीकती मुलांना सांगितल्यावाचून आम्ही सहल काढीत नाही. त्या ऐकलेल्या मुलाला गावे निराळी दिसू लागतात.

पेठ वडगावहून सर्वांत जवळची सहल माणगावची. हे गाव आपल्याच हातकणंगले तालुक्यात आहे. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तरुण आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. राजर्षी शाहू महाराजांनी उपस्थित राहून, तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे, असे जमलेल्या लोकांना सांगितले. परिषदेसाठी झटलेले आप्पासाहेब दादगोंडा पाटील हे जैन समाजातील गृहस्थ होते, हेही आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. माणसाने माणसाच्या बाजूने उभे राहावे, त्यास जात आड येत नाही, याचा हा घरचा दाखला आहे.

कोल्हापूरला गेल्यावर अंबाबाई मंदिर, रंकाळा आणि नवा राजवाडा तर पाहायचाच. पण भाऊसिंगजी रस्त्यावरून जाताना आम्ही थोडे थांबतो. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी या रस्त्यावर चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले, आणि स्वतः तेथे येऊन चहा घेतला. राजाने प्यालेल्या त्या एका कपाने बरोबरच्या मंडळींचीही कोंडी केली. कायदा माणसाच्या ओठांपर्यंत कसा पोहोचवावा, हे त्या कपाने शिकवले.

वाठारला महामार्गास लागून साताऱ्याकडे निघाले, की कराड ओलांडल्यावर उंब्रजहून मसूरचा फाटा लागतो. तेथे शिदोरीची गोष्ट पुन्हा एकदा होते. पुढे साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकापुढे ‘भिवा’ अशी नोंद आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन पाळला जातो. घरची आठवण काढून रात्री रडणारी पाचवीतील मुलेही ‘भिवा’ हे नाव ऐकून ताठ उभी राहतात, हे आम्ही पाहिले आहे.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी हजारो ओंजळींत आले. न्यायालयातील लढा मात्र त्यानंतर दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा तो संपला. एका ओंजळीमागे किती चिकाटी असते, ते तळ्याच्या काठी उभे राहिले की उमगते.

आणि लोणावळ्याजवळची भाजे लेणी. तेथे पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, धर्मदान म्हणून दिली, असे त्यात म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना आणि घाटवाटेच्या वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून कोणी खडक खोदवला, आणि त्यास धम्माचे कार्य मानले. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलांना जे नाकारले गेले, ते याच सह्याद्रीत कधीकाळी दान म्हणून दिले जात होते. तथागतांचा वारसा म्हणजे काय, हे आम्ही मुलांना त्या टाक्यापाशी सांगतो.

म्हणून सहलीच्या वहीत मुलांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत, असा आमचा आग्रह असतो. हे कोणी उभारले? येथे कोणाला येऊ दिले जात नव्हते? पाणी कोठे होते आणि ते कोणाचे होते? वर्गात पाठ केलेल्या सनावळ्या परीक्षेनंतर पुसट होतात. ही उत्तरे पुढे कामास येतात. नोकरीच्या गावी, नव्या शहरात, कोणी तहानलेला दाराशी आला तरी ती आठवतात.

पालकांनी सहलीकडे या दृष्टीने पाहावे. माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. केवळ वर्गणी देता येत नाही म्हणून एखादे मूल वसतिगृहात मागे राहते, आणि बस फाटकाबाहेर पडताना ते खिडकीशी उभे असते. अशा एका मुलाचा सहलीचा खर्च आपण उचललात, तर तेही पोढीचेच दान होईल.