बेसबॉल अभ्यासकांच्या मेळ्यात
‘आपण कोणत्या विद्यापीठाचे?’ सेलूत राहून स्वबळावर संशोधन करणाऱ्या मला हा प्रश्न नेहमी टोचतो. म्हणूनच अमेरिकेतील बेसबॉल संशोधकांच्या ‘सेबर’ या संस्थेचे वार्षिक संमेलन मला जवळचे वाटते. १० ऑगस्ट १९७१ रोजी कूपर्सटाउन येथे बॉब डेव्हिड्स यांच्यासह सोळा जणांनी ही संस्था स्थापन केली. १९९५ मध्ये साहित्य संमेलन परभणीला आले होते. तसेच हेही शहरोशहरी फिरते. तेथे जाणाऱ्याने खेळाडूंच्या सह्यांपेक्षा निबंधवाचन, परिसंवाद, प्रश्नमंजूषा यांची तयारी ठेवावी. सगळे मिळून सामनाही पाहतात. सभासद होण्यास पदवीची अट नाही. मात्र आकडा मांडला की पुरावा हवा. ही अट मला मान्य आहे.