आफ्रिकेकडे वाटायला काय आहे?

हिंगणघाटच्या आमच्या घरात ताट धुऊन पिण्याची रीत आजही पाळली जाते. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊन नकळत हिंसा घडू नये, हा त्यामागचा विवेक. परंतु सात वर्षांच्या नातवाला हा विवेक रोज समजावून सांगण्याचा कंटाळा आला, की मी एक सोपी वाट धरीत असे. “आफ्रिकेत मुलांना खायला मिळत नाही आणि तू भाजी टाकतोस?” माझ्या सासूबाई माझ्या मुलांना हेच म्हणत आणि मीही नातवाला तेच म्हणत आले. भाजी संपत असे, त्यामुळे या वाक्याचा पुन्हा विचार करावा असे कधी वाटले नाही.

गेल्या चातुर्मासात माझ्या भाचीने त्याला एक इंग्रजी चित्रपुस्तक पाठवले. आम्ही दोघे ओसरीवर बसून पाने उलटत होतो. केनियातील एक बाई गावकऱ्यांना जेवायला बसवते आहे, असे चित्र आले आणि नातू थांबला. “दादी, यांच्याकडे वाटायला कुठून आले?” त्याने अगदी सरळपणे विचारले. मला मात्र ओशाळल्यासारखे झाले. ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नाही अशी माणसे, ही आफ्रिकेची ओळख त्याला शाळेने किंवा दूरदर्शनने नव्हे, मीच करून दिली होती, आणि तीही अन्नाचा मान शिकवताना.

वस्तुतः व्यापारी जैन समाजाला आफ्रिका परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगरकडील हालारी ओसवाल कुटुंबे पूर्व आफ्रिकेत जाऊन व्यापारात स्थिरावली. मोंबासा आणि नैरोबी येथे आज आपली मंदिरे आहेत. आपल्या वर्धा जिल्ह्याचे नाते तर अधिकच जवळचे. १९३६ मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींच्या आयुष्याची सुमारे एकवीस वर्षे दक्षिण आफ्रिकेशी बांधलेली होती. धर्मविषयक शंकांनी मन व्याकुळ झाले, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी तेथूनच श्रीमद् राजचंद्रांना प्रश्न लिहून पाठवले होते. एवढा संबंध असूनही आपल्या मुलांच्या मनात आफ्रिका म्हणजे एक सिंह आणि हाती रिकामा वाडगा घेतलेले एक मूल, एवढेच चित्र असते. त्या खंडात ५४ देश आहेत, मोठमोठी शहरे आहेत, बाजारपेठा आहेत, आपल्यासारखीच आजी-आजोबांनी भरलेली घरे आहेत, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. हे दाखवण्याचे काम चांगली चित्रपुस्तके फार सहज करतात. अशा तीन पुस्तकांविषयी येथे लिहीत आहे.

पहिले अर्थातच आमच्या ओसरीवरचे, ‘मामा पान्याज पॅनकेक्स’. मेरी आणि रिच चेंबर्लिन यांनी लिहिलेले आणि ज्युलिया केर्न्स यांनी चितारलेले हे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मामा पान्या आपल्या अदिका नावाच्या मुलाला घेऊन बाजाराला निघते. तिच्यापाशी मोजकीच नाणी आहेत. त्यांत पीठ आणि मिरची घेऊन संध्याकाळी धिरड्यांसारखा पदार्थ करायचा बेत आहे. अदिका मात्र वाटेत जो भेटेल त्याला जेवायचे आमंत्रण देत सुटतो. गुराखी मित्र, नदीकाठी बसलेला म्हातारा, केळी विकणारी मैत्रीण, इतकेच नव्हे तर पिठाचा आणि मसाल्याचा दुकानदारसुद्धा! आई मनातल्या मनात पिठाचा हिशेब करीत राहते. तिची ती काळजी कोणत्याही गृहिणीला भाषांतराशिवाय कळेल. संध्याकाळी पाहुणे येतात, पण रिकाम्या हाताने कोणीच येत नाही. कोणी दूध-लोणी आणतो, कोणी केळी, कोणी मीठ-वेलची, आणि पीठवाला आणखी पीठ घेऊन येतो. गोरखचिंचेच्या झाडाखाली सगळे मिळून जेवतात.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर त्या पंगतीत होते. वाटायला पुरेसे आधीपासून कोणाच्याच घरात नव्हते. सगळे एकत्र आले तेव्हा ते पुरेसे झाले.

वाचकहो, श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटच्या व्रताचे नाव आपण सारे जाणतो. ते ‘अतिथिदान’ नाही, ‘अतिथिसंविभाग’ आहे. जे आपल्यासाठी केले त्यातलाच योग्य भाग अतिथीला द्यायचा. उरलेसुरले नाही आणि वेगळे काढलेले हलकेही नाही. साधुसाध्वी गोचरीला येतात तेव्हा आपण उपकार करीत नसतो. उलट त्यांनी आपल्या घरचे स्वीकारले यात स्वतःला धन्य मानतो. आपल्याच पवनारचे विनोबा १९५१ पासून गावोगाव पायी फिरून जमीन मागत होते, तेव्हा शंकराचार्यांचा आधार घेऊन दानाचा अर्थ ते ‘संविभाग’ असाच सांगत. म्हणूनच जमीन देणाऱ्याने मान उंच करू नये आणि घेणाऱ्याने खाली घालू नये. मुलांना आपण दान देण्याची सवय लावतो, ते उत्तमच आहे. पण देणारे नेहमी आपण आणि घेणारे नेहमी ते, असे मनात बसले तर दयेच्या पोटी अहंकार जन्माला येतो. मामा पान्याची पंगत मुलाला याच अहंकारापासून अलगद दूर ठेवते.

दुसरे पुस्तक ‘मुफारोज ब्युटिफुल डॉटर्स’. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार जॉन स्टेप्टो यांचे हे पुस्तक १९८७ चे. दगडी बांधकामासाठी प्रसिद्ध असलेल्या झिम्बाब्वेतील प्राचीन नगराच्या अवशेषांवरून त्यांनी यातील राजनगर रेखाटले. जंगल आणि झोपडी यांपलीकडे ज्यांनी आफ्रिका पाहिली नाही त्यांनी हे पुस्तक केवळ चित्रांसाठीसुद्धा पाहावे. मुफारोच्या दोन मुली, मन्यारा आणि न्याशा. राजा वधूच्या शोधात असल्याचा निरोप येतो. मन्यारा रातोरात एकटीच निघते आणि वाटेतल्या भुकेल्या मुलाला झिडकारून पुढे जाते. न्याशाला तोच मुलगा भेटतो, तेव्हा ती आपल्या शिदोरीतला कंद त्याच्या हाती ठेवते. आपल्या वाचकांना याहून जवळचा वाटेल तो प्रसंग अगदी आरंभी आहे. न्याशाच्या मळ्यात एक साप येतो आणि ती त्याला न मारता, न हुसकावता प्रेमाने राहू देते. तो साप, तो भुकेला मुलगा आणि तो राजा एकच असतो, हे शेवटी उलगडते. जीवदयेची अशी कथा दूर आफ्रिकेत रुजली आहे हे कळल्यावर, दया ही आपलीच मिरास आहे असा मुलांचा समज आपोआप गळून पडतो.

तिसरे पुस्तक दुकानदारांच्या घरात अवश्य असावे असे मला वाटते. नायजेरियात जन्मलेल्या लेखिका आतिनुके यांची ‘ॲना हिबिस्कस’ ही सचित्र कथामाला २००७ मध्ये सुरू झाली. तिची चित्रे लॉरेन टोबिया यांची. सहा-सात वर्षांच्या मुलांना वाचून दाखवावी अशी ती आहे. ॲना आफ्रिकेतील एका मोठ्या शहरात, जुन्या पांढऱ्या घरात, आजी-आजोबा, काका-काकू आणि चुलत भावंडांच्या गोतावळ्यात राहते. आपली मुले हे घर लगेच ओळखतात. तिच्या फाटकाबाहेर गरीब मुली संत्री विकत बसतात. ॲनालाही हौस येते. ती घरच्या झाडाची ताजी संत्री तोडून विकायला बसते. गिऱ्हाईक तिच्याकडेच वळते आणि ॲना खुशीत घरी येते. मग आजोबांमुळे तिला कळते, की तिच्या खेळापायी त्या मुलींची त्या दिवशीची कमाई बुडाली. ॲनाला लाज वाटते आणि दुसऱ्या दिवशी ती त्या मुलींसाठी राबते.

ही गोष्ट वाचून झाल्यावर आमच्या घरातील मोठी माणसेही क्षणभर गप्प झाली. ॲनाने चोरी केली नव्हती, मापात पाप केले नव्हते, भावही वाजवीच घेतला असेल. तरीही काहीतरी चुकले होते. कापसाच्या हंगामात बाजारात उभे राहणाऱ्या प्रत्येकाला हे ‘काहीतरी’ ठाऊक असते. शेजाऱ्याची अजून भवानी झालेली नसेल, तर आलेले गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवणारे जुने दुकानदार आपण पाहिले आहेत. अन्न वाटून घेणे तुलनेने सोपे असते. बाजार वाटून घेणे कठीण. आणि हा पाठ आपल्या व्यापारी घरातील मुलाला आफ्रिकेतील एका आजोबांकडून मिळाला, याचे मला विशेष समाधान वाटते.

आता अडचणींविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. मामा पान्याकडे येणारा नदीकाठचा म्हातारा मासे घेऊन येतो. न्याशा देते तो कंद आपल्या अनेक घरांत वर्ज्य आहे. अशी पाने पालकांनी चिकटवून टाकावीत काय? मला तसे वाटत नाही. नातवाने माशांवर बोट ठेवले, तेव्हा मी एवढेच म्हटले, “आपल्या घरी हे खात नाहीत आणि का खात नाहीत ते तुला माहीत आहे. पण हे आजोबा पंगतीला रिकाम्या हाताने आले नाहीत, तेही बघ.” त्याला ते पुरले. आपला आचार ढळू द्यायचा नाही आणि दुसऱ्याला हिणवायचेही नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे मुलाने घरात शिकावे, यासारखी जागा नाही.

पुस्तक निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. संपूर्ण आफ्रिका एकच गाव असल्यासारखे दाखवणारी पुस्तके टाळावीत आणि एक पुस्तक खेड्याचे घेतले तर दुसरे शहराचे घ्यावे. इंग्रजीची अडचण मानू नये. चित्रपुस्तक आजीने आपल्या बोलीत सांगावे यातच त्याची खरी गोडी आहे. बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या विनामूल्य संगणकीय ग्रंथालयात मराठी गोष्टी आहेत, तसेच दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उपक्रमातील गोष्टीही आहेत. येत्या सुट्टीत मुलांसोबत तेथे तासभर बसावे.

आमच्या घरी ताट धुऊन पिण्याची रीत तशीच आहे. नातू अधूनमधून अजून भाजी टाकू पाहतो. मी त्याला म्हणते, “लागेल तेवढेच वाढून घे.” आफ्रिकेतील मुलांचे नाव मात्र आता त्या ताटाशी निघत नाही. ते निघते रात्री गोष्टीच्या वेळी, आणि तेव्हा अदिका आज कोणाकोणाला जेवायला बोलावणार, याची यादी नातूच मला सांगत असतो.