जिगुम की इजे? कोरियनमधले गोंधळात टाकणारे वेळेचे शब्द मराठीतून समजून घ्या

के-ड्रामा बघून, बीटीएसची गाणी ऐकून किंवा नोकरीचा विचार करून कोरियन शिकायला लागलेले बरेच जण आता आपल्याकडे दिसतात. पुण्याजवळ रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आहे, त्यामुळे ही भाषा नुसती हौस राहिलेली नाही. पण मोबाईलवर शिकताना एक अडचण हमखास येते. कोरियन शिकवणारी बहुतेक अ‍ॅप्स शब्दांचे अर्थ इंग्रजीत देतात. मग ‘जिगुम’ म्हणजे नाऊ, ‘इजे’ म्हणजेही नाऊ, ‘बांगुम’ म्हणजे जस्ट नाऊ आणि ‘गुमबांग’ म्हणजेही कधीकधी जस्ट नाऊ! चार कार्डं पाठ झाली तरी वाक्यात कुठलं वापरायचं ते कळत नाही.

गंमत म्हणजे हा घोळ इंग्रजीमुळे होतो. मराठीत यातले बरेच फरक आधीपासूनच आहेत. ते कसे, ते बघूया. (उच्चार देवनागरीत जवळचे दिले आहेत. शब्दाच्या सुरुवातीचे ज, ब, ग कोरियन माणसाच्या तोंडून थोडे च, प, क सारखे ऐकू येतात, तेव्हा दचकू नका.)

आत्ता आणि आता

‘जिगुम’ म्हणजे आपलं ‘आत्ता’, म्हणजे या क्षणी. ‘जिगुम म्वो हेयो?’ म्हणजे ‘आत्ता काय करताय?’ समोरचा सांगेल, जेवतोय, मॅच बघतोय.

‘इजे’ म्हणजे आपलं ‘आता’. यात आधीचं काहीतरी संपलेलं किंवा बदललेलं असतं. ‘इजे म्वो हेयो?’ म्हणजे ‘हे तर झालं, आता काय करायचं?’ आजारी मित्र ‘इजे ग्वेनचानायो’ म्हणाला, तर ‘आता बरं वाटतंय’, म्हणजे काल वाटत नव्हतं. आणि ‘इजे गुमान!’ हे तर थेट आपलं ‘आता बास!’ तिथे जिगुम घालून बघा, कोरियन कानाला ते खटकेल. आपण तरी चिडल्यावर ‘आत्ता बास’ कुठे म्हणतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करताना आपण आता-आत्ता कसंही लिहितो, पण बोलताना सहसा चुकत नाही. म्हणून वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा. तोंडातून ‘आत्ता’ आलं तर जिगुम, ‘आता’ आलं तर इजे. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, पण बहुतेक वाक्यांना हा उपाय चालतो.

मगाशी!

मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘आक्का’. नात्यातली नाही हं. याचा अर्थ ‘मगाशी’. इंग्रजीत याला नीट एक शब्द नाही, म्हणून अ‍ॅप ‘काही वेळापूर्वी’ अशा धर्तीचं काहीतरी लांबलचक देतं. मराठी माणसाला मात्र एका शब्दात कळतं. मगाशी जसं आजचंच असतं, कालच्या गोष्टीला आपण मगाशी म्हणत नाही, तसंच आक्काचंही आहे.

‘बांगुम’ त्याहून ताजं, म्हणजे ‘नुकतंच, आत्ताच’. ‘बांगुम वास्सॉयो’ म्हणजे ‘आत्ताच आलोय’, अजून चपलासुद्धा काढल्या नाहीत. ‘आक्का वास्सॉयो’ म्हणजे मगाशीच आलोय, चहापाणी झालं.

आता बांगुम उलटा करा: गुमबांग. चिनी लिपीतून आलेली तीच दोन अक्षरं, फक्त जागा बदललेली, त्यामुळे शिकणारे इथे हमखास अडकतात. बांगुम फक्त मागचं सांगतो. गुमबांग दोन्हीकडे चालतो: ‘गुमबांग वास्सॉयो’ म्हणजे नुकताच आलो, आणि ‘गुमबांग गाल्केयो’ म्हणजे लगेच येतो. विचित्र वाटतं? पण आपण ‘आत्ताच आलो’ आणि ‘हा आत्ता आलो बघ’ दोन्ही म्हणतोच ना! सुरुवातीला सोपं ठेवायचं असेल तर झालेल्या गोष्टीला बांगुम आणि लगेच होणाऱ्या गोष्टीला गुमबांग एवढंच धरून चाला.

याच्या जवळचा आणखी एक शब्द म्हणजे ‘गोत’, लवकरच. सोलच्या बसस्टॉपवरच्या स्क्रीनवर बस जवळ आली की ‘गोत दोचाक’ असं दिसतं, म्हणजे बस येतेच आहे.

‘नंतर फोन करतो’ म्हणजे कधी?

इथे मात्र चुकलं तर खरंच पंचाईत होते. कोरियन साहेब म्हणाले, ‘इत्तागा जॉनह्वा हाल्केयो’, तर फोन थोड्या वेळाने, आजच येणार. मोबाईल सायलेंटवर टाकून झोपू नका. तेच ते ‘नाजुंगे’ म्हणाले, तर नंतर केव्हातरी. आज संध्याकाळी, पुढच्या आठवड्यात किंवा आपल्या ‘बघू नंतर’सारखं कधीच नाही! इंग्रजी अर्थ दोन्हीचा लेटर असाच दिसतो. थोड्या वेळाने भेटणाऱ्या मित्राला ‘नाजुंगे’ म्हणणं चूक नाही, पण उद्याच्या भेटीसाठी ‘इत्तागा’ चालत नाही.

फ्लॅशकार्ड असं बनवा

अँकीसारखं अ‍ॅप वापरत असाल (अँड्रॉइडवर ते फुकट आहे) तर तयार इंग्रजी डेकवर थांबू नका. एका बाजूला सुटा शब्द टाकण्यापेक्षा अख्खं कोरियन वाक्य टाका आणि मागे त्याचं बोली मराठी. ‘मैं अभी आया’ नाही, ‘आय हॅव जस्ट’ नाही, सरळ ‘आत्ताच आलोय’. वाक्य बरोबर आहे का, ते कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या ऑनलाइन मूलभूत शब्दकोशात ताडून घ्या. तो मोफत आहे आणि प्रत्येक शब्दाखाली उदाहरणं असतात.

जिथे मराठी कामाला येत नाही

मराठीचा हा फायदा सगळीकडे मिळत नाही. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. कोरियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: येणारा परवा ‘मोरे’ (हो, आडनावासारखाच) आणि गेलेला परवा ‘गुजक्के’.

दुसरी जागा आकड्यांची. ‘दू शी’ म्हणजे दोन वाजता, ‘दू शिगान’ म्हणजे दोन तास. ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या मेसेजमध्ये हे नीट वाचा. आणि कोरियाचं घड्याळ आपल्या 3 तास 30 मिनिटं पुढे असतं, म्हणजे त्यांचे दुपारचे 2 म्हणजे आपले सकाळचे 10:30. महिन्यांचं तर विचारूच नका: ‘इ वॉल’ म्हणजे फेब्रुवारी आणि ‘इ गेवॉल’ म्हणजे दोन महिने. मधल्या एका ‘गे’ने सगळं बदलतं. गोंधळ नको असेल तर बोलताना दोन महिन्यांना ‘दू दाल’ म्हणा, तेही अगदी रोजच्या वापरातलं आहे.

असे घोळ फक्त आपलेच होतात असं नाही. तीन दिवसांना कोरियनमध्ये ‘साहुल’ म्हणतात, आणि ‘सा’ म्हणजे चार! 2020 च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने 17 ऑगस्टची जादा सुट्टी जाहीर केली. 15 ते 17 अशी तीन दिवसांची सलग सुट्टी झाली, बातम्यांत ‘साहुल’ आलं, आणि तीन दिवसांना चार का म्हणताय असं विचारणाऱ्या कोरियन लोकांमुळे तो शब्द सर्चमध्ये सगळ्यात वर जाऊन बसला. चार दिवसांचा खरा शब्द ‘नाहुल’ आहे.